लिंबाच्या सावलीतली प्लेट

छबूबाईचं घर म्हणजे एक कडुलिंब आणि त्याखाली उभे केलेले थोडे पत्रे. कोणी विचारलं तर ती घराचं वर्णन याच क्रमाने करते, आधी झाड आणि मग खोली. आमच्या जामखेडकडचं ऊन ज्यांनी अंगावर घेतलंय त्यांना तो क्रम लगेच पटतो. ज्यांनी घेतलेलं नाही त्यांनी चैत्रात भर दुपारी येऊन एखाद्या पत्र्याच्या खोलीत तासभर बसून दाखवावं. मग बोलू.

नवरा वारल्यावर दिराने वाटणीत तिला गावाबाहेरचा, गायरानाला लागून असलेला तुकडा दिला. तिथे पिकत काही नव्हतं, म्हणून दिला. तिने झाड पाहिलं आणि तुकडा घेतला. मुलीला तिथेच वाढवलं, शेवगावला दिली. आता एकटी असते. एकटी म्हणायचं आपलं, कारण उन्हाळ्यात तिच्याकडे जेवढी माणसं असतात तेवढी देवळातही नसतात. छबूबाईकडे शेवयांचं मशीन आहे. फाल्गुन सरत आला की गावातल्या बाया गहू ओलवून, दळून, पीठ मळून पातेली डोक्यावर घेऊन तिच्याकडे निघतात. मशीन लिंबाखालच्या ओट्यावर. पाळी येईपर्यंत बाया सावलीत बसतात, कोणी शेवया काठीवर झेलतं, कोणी बाजेवर पसरतं, आणि सगळ्या मिळून जी तिथे नाही तिच्याविषयी बोलतात. मी मुद्दाम हजर राहते.

स्वभाव सांगायचा तर छबूबाई कोणाचं फुकट घेत नाही. इतकं घेत नाही की राग यावा. एकदा मी तिला दवाखान्यात नेलं, रिक्षाचे पैसे मी दिले. संध्याकाळी माझ्या दारात शेवग्याच्या शेंगांची मोळी. मी म्हटलं, "अहो छबूबाई, मी एकटी बाई, एवढ्या शेंगा कुठे घालू?" तर म्हणाली, "वाटा गावात. पर माझ्या डोक्यावर ठिवू नका." अशा माणसाला मदत करणं हे काम आहे.

तर आमच्या गावात सोलर आलं. ज्यांची स्लॅबची घरं होती त्यांनी आपापल्या छतावर प्लेटा बसवून घेतल्या. मीही बसवल्या. पण अर्धं गाव पत्र्यात राहतं किंवा मातीच्या धाब्याच्या घरात. सुनील नावाचा एक फिटर शेवगावहून यायचा, त्याने छबूबाईच्या घराची पाहणी केली. पत्र्यावर वाऱ्यासाठी ठेवलेले दगड पाहिले, वर लिंब पाहिला आणि मान हलवली.

"आजी, हे पत्रं प्लेटा धरायचं न्हाई. अन् धरलं तरी वर झाड."

"आजी कुनाला म्हनतो रं? तुझ्या आईयेवढी हाय मी. अन् वर झाड हाय म्हनून खाली मी जित्ती हाय. तुझी प्लेट ऱ्हाऊ दे."

अशी बरीच घरं राहिली. मग पंचायतीने एका संस्थेला धरून वेगळी सोय केली. गायरानाच्या मोकळ्या माळावर सगळ्यांच्या मिळून प्लेटा बसवायच्या. तिथली वीज गावच्या तारेत जाणार आणि वाटेकरी घरांच्या बिलातून सारखी वजा होणार. छप्पर कसंही असो, भाड्याचं असो, झाडाखाली असो, वाटा मिळणार. चांगली गोष्ट. माझ्या मते गावात बऱ्याच वर्षांत झालेली पहिली अकलेची गोष्ट.

वाटा मिळाला आणि छबूबाईच्या खोलीत पंखा आला. त्याआधी ती मशीन चालवायची आणि बिलाच्या भीतीने स्वतः पदराने वारा घ्यायची.

पण त्याच्याही आधी एक गंमत झाली. प्लेटा बसत होत्या त्या दिवशी छबूबाई माळावर गेली आणि सुनीलला म्हणाली, "ह्यातली माझी कंची?"

सुनीलच्या दातात स्क्रू, हातात पाना. त्याने तोंडातल्या तोंडात "समद्या सारख्याच हायेत मावशी" असं सांगून पाहिलं. छबूबाई हलली नाही. तिच्या आयुष्यात वाटणी म्हणजे खुणेचा दगड. इथून तुझं, इथून माझं. सगळ्यांचं मिळून काही असतं आणि त्यातलं आपलं दाखवता येत नाही, हे तिला कोणी शिकवलंच नव्हतं. दिराने तर नाहीच. शेवटी तिला वाटेतून बाजूला करायला सुनीलने एका प्लेटेकडे बोट केलं. "ही घ्या. ही तुमची."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या प्लेटेला हळदकुंकू लागलं होतं.

मग काय विचारता! जहिराने ते पाहिलं. जहिरा म्हणजे छबूबाईची शेजारीण, बाजारात बांगड्या विकते. दोघींचं एकमेकींवाचून चालत नाही आणि एकमेकींशी पटतही नाही. जहिरा तशीच गेली आणि सुनीलकडून शेजारची प्लेट मागून आली, तिच्या पायाला हिरवी चिंधी बांधली. आठवडाभरात माळावरच्या प्रत्येक प्लेटेला मालक होता. कोणी पायावर रंगाने नाव घातलं, कोणी लिंबू-मिरची टांगली. उशिरा पोहोचला मच्छिंद्र. हा टेम्पो चालवतो, कांदा-डाळिंब घेऊन दूरदूर जातो, त्यामुळे गावातली प्रत्येक गोष्ट त्याला शेवटी कळते आणि सगळ्यात जास्त बोलायचं असतं ते त्यालाच. त्याच्या वाट्याला उरलेली, कोपऱ्यातली प्लेट आली.

आणि प्रत्येकजण आपलीच प्लेट पुसायचा. आपली लखलखीत आणि शेजारची धुळीने पांढरी, तरी हात तिकडे जायचा नाही. छबूबाई रोज कळशीभर पाणी घेऊन जायची, आपली धुवायची आणि कळशीत उरलेलं पाणी लिंबाला घालायची. जहिराच्या प्लेटेवर कावळ्याने घाण केली तर तिला हाक मारून सांगायची, पण फडका लावायची नाही.

मी दोन-तीनदा सांगितलं की असं नसतं. प्लेट कोणाचीच वेगळी नाही, सगळी वीज एकत्र होते. त्यावर छबूबाईने मला सरळ गप्प केलं. "बाई, तुमचं सलॅबचं घर. तुमच्या डोक्यावर तुमच्याच प्लेटा. आमच्या वाटनीतलं तुमाला काय कळनार?" बायाही हसल्या. मी सोडून दिलं. ऐकायचं नसेल त्याला दोनदा सांगावं, तिसऱ्यांदा आपलं काम करावं.

हिवाळा आला.

माळावरची जागा उन्हाळ्यात, भर दुपारी ठरली होती. तेव्हा लिंबाची सावली लिंबाच्या पायाशी घोळत होती. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे कलतो आणि सावल्या लांब पडतात, हे शाळेच्या पुस्तकात असतं. पण जागा ठरवायला आलेल्यांना ते आठवलं नाही, आणि आम्हा गाववाल्यांनाही नाही. मार्गशीर्षापासून दुपार कलली की छबूबाईच्या लिंबाचा शेंडा माळावर आडवा व्हायचा आणि बरोबर मच्छिंद्रच्या प्लेटेवर जाऊन बसायचा.

त्या महिन्यात बिल वाढलं. वाढलं सगळ्यांचंच, पण प्रत्येकाने कारण आपल्याच प्लेटेवर शोधलं. जहिराने कावळ्याला शिव्या दिल्या. कोणी लिंबू-मिरची बदलली. मच्छिंद्रला कारण शोधावंच लागलं नाही, ते त्याच्या प्लेटेवर काळंभोर पसरलेलं होतं. तो तडक छबूबाईच्या ओट्यावर.

"मावशे, ह्या झाडाचं काय करायचं?"

"काय करायचं? पानी घालायचं."

"माझी प्लेट झाकती ती. परवानगी काढतो अन् पाडून टाकतो. लाकूड तू घे."

छबूबाई तेव्हा मशीनची जाळी घासत होती. जहिरा शेजारी बसली होती, मीही होते. छबूबाईने जाळी खाली ठेवली. तिने वर झाडाकडे पाहिलं नाही, पत्र्याकडे पाहिलं. मला तेवढ्यात कळलं की ती काय पाहते आहे. झाड गेलं तर ती खोली उन्हाळ्यात राहण्यासारखी उरत नाही. मग मुलीच्या दारात शेवगावला. जावयाच्या घरी राहणं म्हणजे तिच्या दृष्टीने काय, हे मोळीभर शेंगांवरून ज्याने त्याने ओळखावं.

"पाडायचं न्हाई," ती म्हणाली. "तुझी प्लेट मला दे. माझी तू घे."

मच्छिंद्र बघतच राहिला. "तुझी? ती तर दिवसभर उन्हात हाय."

"म्हनून तर. झाड माझं, त्येची सावली माझ्यावर पडंल. जहिरा, तू साक्षीला."

जहिरा म्हणाली, "मी कशाला साक्षीला? तू येडी हाय येवढीच साक्ष दीन मी."

पण ती गेली. आम्ही सगळेच गेलो. छबूबाईने आपल्या प्लेटेवरचं हळदकुंकू पदराने पुसून काढलं आणि कोपऱ्यातल्या प्लेटेला नवं लावलं. मच्छिंद्रने नव्या प्लेटेच्या पायावर खडूने नाव घातलं. मी तोंड उघडलं होतं, पण तिचा चेहरा पाहून मिटलं. फार दिवसांनी तिचं ओझं उतरल्यासारखं दिसत होतं. नुकसान आहे तर ते आपलं आहे, आपण ते भरतो आहोत, दुसऱ्याचं काही खात नाही. यात तिला समाधान होतं. त्यानंतर ती सावलीतली प्लेट दिवसातून दोनदा धुवायला लागली.

पुढच्या महिन्यात बिलं आली, आणि मच्छिंद्रचं बिल खाली आलेलं नव्हतं. उन्हातली, लखलखीत, अदलाबदल करून घेतलेली प्लेट असून!

मच्छिंद्रने गावभर केलं. मावशीने फसवलं, उन्हातली म्हणून बिघडलेली प्लेट गळ्यात मारली. छबूबाईला सगळं चालतं, फसवलं म्हटलेलं चालत नाही. ती टेम्पोसमोर उभी राहिली. "तोंड सांभाळ मच्छिंद्रा! बिगडलेली हुती तर माझा पंखा कशावर फिरत हुता? तुझ्या तोंडच्या वाऱ्यावर?"

सरपंच ज्ञानेश्वरीताईंनी सुनीलला बोलावून घेतलं. रविवारी सकाळी माळावरच सगळे वाटेकरी जमले. सुनील आला, त्याने चिंध्या पाहिल्या, लिंबू-मिरच्या पाहिल्या, खडूची नावं पाहिली आणि कपाळाला हात लावला.

"आवो, ही नावं कुनी घातली?"

"तूच वाटून दिल्या की," जहिरा म्हणाली.

सुनीलला आठवलं. बिचारा कानापर्यंत लाल झाला. मग त्याने समजावून सांगितलं, आणि बरं सांगितलं. म्हणाला, "तुमी रोजगार हमीच्या कामावर गेल्ता ना? घमेली कशी जात्यात? हिच्या हातातून तिच्या हातात. मधली एक बाई खाली बसली तर?"

"रांग थांबती," कोणीतरी म्हणालं.

"आता ह्या प्लेटा तशाच. एका वळीतली एक सावलीत गेली, न्हाईतर धुळीनं झाकली, की आख्खी वळ वडली जाती. अन् समद्या वळींची वीज येका ठिकानी गोळा हुती, मग सारखी वाटली जाती. कुनाची कंचीच न्हाई. ही प्लेट तुमची, ही माझी, असं काय न्हाईच."

लोक एकमेकांकडे पाहायला लागले. इतके दिवस शेजारच्या प्लेटेवरची धूळ मजेत पाहिली होती सगळ्यांनी. मच्छिंद्रने नजर खाली घातली. मला वाटलं, चला, निकाल लागला, फसवाफसवी नव्हती, छबूबाई सुटली.

सुटली नव्हती. माझ्या लक्षात यायच्या आधी ते तिच्या लक्षात आलं होतं.

"म्हंजे," ती हळू म्हणाली, "माझं झाड समद्यांचं खातंय?"

सुनीलने काहीतरी सावरायचा प्रयत्न केला. "थोडंच वो, हिवाळ्यातच..."

"खातंय का न्हाई?"

"खातंय."

अदलाबदल केली तेव्हा तिला वाटलं होतं की झाडाची किंमत ती एकटी मोजते आहे. आता कळलं की ती एकटीने मोजताच येत नाही. सगळ्या वाटेकऱ्यांच्या घरातलं थोडं थोडं तिच्या सावलीत जात होतं. कोणाचं फुकट न घेणारी बाई हिवाळाभर सगळ्या गावाचं घेत होती, आणि वर प्लेट धुवून स्वतःला शहाणी समजत होती.

ती वळली आणि घराकडे चालायला लागली. मला वाटलं रागावून गेली. ती परत आली तेव्हा तिच्या हातात कुऱ्हाड होती. तिने ती मच्छिंद्रच्या पायाशी टाकली.

"चल. पाड."

"मावशे, आसं काय..."

"तूच म्हनत हुता ना? पाड आता. मी शेवगावला जाती लेकीकडं."

एवढी माणसं, पण सगळी जमिनीकडे बघत उभी. ज्ञानेश्वरीताई म्हणाल्या, आपण विचार करू, अर्ज करू. अर्ज! मला असा संताप आला की मी काहीतरी बोलणार होते, पण माझ्या आधी जहिरा पुढे झाली. कंबरेवर हात. बाजारात गिऱ्हाइकाशी भांडताना असतो तसला आवाज.

"काय रं मच्छिंद्रा, पाड की. पर पाडायच्या आधी येक सांग. दुपारचा तुझा टेम्पो कुठं असतो?"

मच्छिंद्र टेम्पोची किल्ली बोटाभोवती फिरवायला लागला.

"सांग की. कुठं लावतो?"

"...लिंबाखाली."

"अन् तू?"

"टेम्पोत."

"टेम्पोत काय करतो?"

"झोपतो," मच्छिंद्र म्हणाला आणि पहिल्यांदा कोणीतरी फिस्सकन हसलं.

"मंग झाड पाडल्यावर कुठं झोपशील? प्लेटांखाली? अन् ह्या बाया," तिने मागे उभ्या असलेल्यांकडे हात केला, "ह्यांनी शेवया कुठं करायच्या? तुझ्या टपावर? पाळी येस्तवर कुठं बसायचं? सासूच्या चुगल्या कुठं करायच्या? सुनील, सांग रं, सावलीपायी येकेका घराचं जातं तरी किती?"

सुनीलने थोडा विचार केला. "वाटून घेतलं तर येकेका घरातला येक बल्ब. त्योबी थोडाच येळ. ह्या धुळीपायी जातंय त्ये त्याच्यापरीस लई हाय."

"ऐकलं? आमी सावली फुकट वापरत आलो, ती वापरताना न्हाई म्हनलो छबूची हाय म्हनून. आता तिचा भार आला तर तिच्या येकटीच्या डोक्यावर? वीज समद्यांची अन् सावली तेवढी हिची व्हय?"

बाया एकदम बोलायला लागल्या, आणि सगळ्या जहिराच्या बाजूने. मच्छिंद्रने कुऱ्हाड उचलली, छबूबाईकडे दांडा करून धरली. "घे मावशे. ऱ्हाऊ दे झाड. मी काय म्हनत न्हाई."

इथे कोणी दुसरी असती तर डोळे पुसून घरी गेली असती. छबूबाईने कुऱ्हाड घेतली नाही.

"तू काय म्हनत न्हाईस, पर मी म्हनती. लांब सावली शेंड्याची पडती. खालच्या फांद्या माझ्या पत्र्यावर हायेत, त्या ऱ्हाऊ द्या. शेंडा काढ. समद्यांचं खाऊन मला झोप यायची न्हाई."

"छबू, कशाला गं," जहिरा म्हणाली. "शेंडा गेला तर ऊन यील की वरनं."

"यीना. येवढं यीना."

सुनीलने डोळ्यांवर हात धरून शेंड्याचा अंदाज घेतला आणि मान डोलावली. सावली पूर्ण जाणार नव्हती, पण बरीच आखडणार होती. राहील ती सगळ्यांनी मिळून सोसायची, असं तिथल्या तिथे ठरलं. प्लेटा धुण्याची पाळीही ठरली, पाटाच्या पाण्याची असते तशी. आज या घराने सगळ्या वळी धुवायच्या, उद्या त्या घराने. प्लेट कोणाची वेगळी नसते, हे माझ्या तोंडून इतके महिने कोणी ऐकलं नव्हतं. असो.

मच्छिंद्र झाडावर चढला. खालून छबूबाई ओरडत होती आणि खालून जहिरा छबूबाईवर ओरडत होती.

"ती न्हाई रं, तिच्या वरची! डोळं हायेत का भोकं?"

"छबू, त्याला तोडू तरी दे!"

"बास! बास म्हनती ना! तेवढी ऱ्हाऊ दे, तिच्यावर साळुंक्यांचं घर हाय!"

शेंडा खाली आला. तिने पाला शेळ्यावाल्यांना दिला, लाकूड वाटून टाकलं. तिने स्वतःला काडीही ठेवली नाही, हे सांगायला नकोच.

आता पुन्हा चैत्र आहे. काल मी तिच्याकडे शेवया करायला गेले होते. लिंब डोक्यावरून कापल्यासारखा बुटका दिसतो, त्याला कोवळी पालवी फुटली आहे. ओट्याच्या एका कोपऱ्यात मात्र दुपारी ऊन उतरतं. वर पूर्वी शेंडा होता, आता आकाश आहे. बाया तो कोपरा सोडून दाटीने बसल्या होत्या. मशीन घरघरत होतं. आत पंखा मोकळ्या खोलीत फिरत होता, तो मी बंद केला आणि तिला त्यावरून बोलले. माळावर त्या दिवशी जहिराच्या घराची पाळी होती. कोपऱ्यातल्या प्लेटेला अजून हळदकुंकू आहे. ती आपली आहे असं छबूबाई म्हणते. मी समजावणं सोडलं आहे, कारण हल्ली बाकीच्या वळीही तीच सगळ्यात स्वच्छ धुते.

तेवढ्यात मच्छिंद्र टेम्पो लावून आला, बायकोने दिलेलं पिठाचं पातेलं घेऊन. सावलीत कुठे टेकावं म्हणून पाहायला लागला. कोणीच सरकेना.

"मावशे, जरा जागा कर की."

छबूबाईने जाळीतून उतरणाऱ्या शेवया काठीवर झेलल्या आणि मानेनेच तो उन्हाचा कोपरा दाखवला.

"तिथं बस. तुझा वाटा हाय तो."

मच्छिंद्र मुकाट्याने तिथे बसला आणि टोपी पुढे ओढून घेतली. थोड्या वेळाने, कोणाचं लक्ष नाही असं पाहून, तिने शेवयांच्या काठ्या टांगलेली एक बाज त्याच्या डोक्यावर सावली पडेल अशी उभी केली. "शेवया लवकर वाळतील इथं," ती मला म्हणाली. मी काही विचारलंच नव्हतं.